पहिला भाग, दुसरा भाग आणि सासरेबुवा

मी पहिला भाग बोलतोय. खरं तर दुसरा आल्याशिवाय कुणी पहिला होत नाही. त्या मंगळवारपर्यंत मी नुसता एक खेळ होतो, प्लास्टिकच्या डबीत राहणारी, कडेला ओरखडा असलेली एक गोल चकती.

त्या दिवशी वहिनी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून कुणाची तरी कवळी घासत होती. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, दात ती घडवते. टीव्हीखालच्या फळीवर माझ्या शेजारीच प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले असतात. असे शेजारी मिळाले की माणूस काय, चकतीसुद्धा हसतमुख होते.

तेवढ्यात तिची नणंद आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. दारातूनच म्हणाली, "वहिनी, दुसरा भाग येतोय."

"कशाचा?"

"दादाच्या खेळाचा."

वहिनीने कवळी हातातून ठेवली नाही, पण घासायचं थांबलं. "बूट काढ आधी," ती म्हणाली.

मला या घरात आणलं ते दादाने. दादा म्हणजे वहिनीचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "आठवडाभर वर-खाली, वर-खाली करतो. रविवारी तरी मला आडवं पळू दे," असं म्हणून तो मला यंत्रात सरकवायचा.

माझ्या पोटातली गोष्ट जुन्या काळातली आहे. एका किल्ल्याला वेढा पडलाय, आणि वेढ्यातून निसटून खलिते पोचवणारा एक जासूद आहे. दादा बटणं दाबायचा. वहिनी नकाशा बघून वाट सांगायची. नणंद सोफ्यावर बसून उजवा पाय जमिनीवर दाबायची. शिकवणीच्या गाडीत मास्तरणीच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तसा तो सोफ्यालाही असावा अशी तिची समजूत.

जासुदाला एक घोडा मिळतो आणि त्याला नाव ठेवता येतं. माझा घोडा मुलखाचा हट्टी. बोलावलं तर येत नाही, आला तर तोंड फिरवून उभा राहतो, आणि हिरवं काही दिसलं की युद्धसुद्धा विसरतो. दादाने बराच विचार करून त्याचं नाव ठेवलं 'सासरेबुवा'.

"माझ्या बाबांना घोडा म्हणताय?" वहिनीने विचारलं.

"घोड्याला बाबा म्हणतोय. केवढा मान दिलाय बघ."

वहिनी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी मात्र पडद्याकडे बघत म्हणाली, "अहो, बाबा विहिरीकडे चाललेत. वळवा त्यांना."

आता माझ्या एका उणिवेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. खेळ जिथे थांबवाल ती जागा सेव्ह करायला माझ्यात फक्त तीन खण आहेत. घरात माणसंही तीन, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. प्रत्येकाचा एक खण, आणि दुसऱ्याच्या खणात जायचं नाही, हा घरचा कायदा. ज्या खणातून खेळ उघडला त्याच खणात तो सेव्ह होतो, दुसऱ्यात नाही, आणि खणात नवं ठेवलं की जुनं कायमचं पुसलं जातं. प्रत काढून ठेवायची सोय मला घडवणाऱ्यांना सुचली नाही.

दादाचा जासूद शेवटच्या अध्यायाच्या तोंडाशी, नदीकाठच्या चौकीपाशी पोचला होता. त्याच आठवड्यात दादा कामावर असताना हृदय बंद पडून गेला. जासूद तिथेच उभा राहिला, आणि शेजारी सासरेबुवा गवत खात राहिले. त्यानंतर मला कुणी डबीतून काढलं नाही.

दुसरा भाग आला तो एका रविवारी दुपारी. नवी कोरी डबी, वर चकाकता कागद. यंत्रात एका वेळी एकच चकती बसते, तेव्हा तो आत गेला आणि मी फळीवरून बघत बसलो. मनात म्हटलं, बघू या काय दिवे लावतोय.

दिवे लावले त्याने, आणि खरोखरीचे लावले. त्याच्या शहरात संध्याकाळ होते, दुकानदार दिवे लावतात, मग फळ्या ओढून घरी जातात. माझ्याकडे कायम सकाळचे दहा. माझ्या प्रत्येक विहिरीवर तीच एक बाई पाणी भरते आणि तेच एक वाक्य बोलते. त्याच्या बाजारातला लोहार जासुदाला ओळखतो. कालचं भांडण आज लक्षात ठेवतो. वहिनी तर पहिला तासभर लढाई सोडून लोकांच्या घरांत डोकावत फिरली.

"अगं, तिकडे वेढा पडलाय, आणि तू पडदे कसले बघतेस?" नणंद म्हणाली.

"पडद्यांचं कापड चांगलंय."

लढाईचं म्हणाल, तर माझे सैनिक फार शिस्तीचे. एकजण लढतो, बाकीचे तलवारी उगारून आपला नंबर यायची वाट बघतात. त्याचे सगळे मिळून घेरतात. पण त्याने दुसरीही एक वाट ठेवली आहे. हत्यार खाली ठेवून बोलणी करता येतात. वहिनीने एका पहारेकऱ्याला बोलण्यात असं गुंतवलं की त्याने आपणहून दिंडी दरवाजा उघडला. "डॉक्टरांकडून माझे राहिलेले पैसे असेच काढते," ती म्हणाली.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यात दोघांना एकदम खेळता येतं. माझ्यात एकजण खेळणार, बाकीचे सल्ले देणार. आता दोघी शेजारी शेजारी बसून एकमेकींना आडव्या जाऊ लागल्या. सोफ्यावर ब्रेक दाबणारी स्वतः कशी हाकते हेही त्या दिवशी दिसलं. तिने जासुदाची जोडीदारीण तटावरून थेट चिखलात घातली.

"लोकांना लायसन्स तूच मिळवून देतेस ना?" वहिनीने विचारलं.

"गाडीला पाय नसतात वहिनी. ही बाई मध्येच उडी मारते."

दादा गेल्यापासून वहिनीला मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडून झालं नाही, धाकट्याने केलं. मी हेवा करायचं सोडलं ते तेव्हापासून.

मग त्या घोड्यांच्या पागेपाशी पोचल्या, आणि पडद्यावर प्रश्न आला, पहिल्या भागातला घोडा सोबत आणायचा का? खाली बारीक अक्षरांत अट होती. ज्यांनी पहिला भाग पूर्ण करून सेव्ह केलाय, त्यांचाच घोडा येईल.

नणंदेचा जासूद कधीपासून दलदलीत रुतलेला, वहिनीचा पहिल्या वेशीच्या पुढे कधी गेला नव्हता. सासरेबुवा दादाच्या खणात.

"एकच अध्याय उरलाय," नणंद म्हणाली. "आपण संपवू या. सासरेबुवांना इथे आणू. इथले घोडे शीळ घातली की येतात. सुधारतील तेही."

"ह्यांच्या खणात जायचं?"

"तो असता तर त्यानेच संपवलं असतं ना?"

वहिनी उठली आणि तिने मला डबीतून काढलं. ओढणीच्या टोकाने पुसलं. तिच्या बोटांना मेणाचा वास येत होता.

पडदा उजळला. चौकी तीच, नदी तीच. जासूद उभ्या उभ्या श्वास घेत होता आणि अधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत होता. माझ्यात असं बारीकसारीक फारसं नाही, पण एवढं आहे. वहिनी बटण न दाबता त्याच्याकडे बघत राहिली.

"सांग," ती शेवटी म्हणाली. "काय दाबू?"

"डावीकडे घे. हळू. क्लच नाहीये, घाबरू नकोस."

खेळ लांबला. वहिनी हरली, पुन्हा चौकीपासून निघाली, पुन्हा हरली. सासरेबुवांनी ऐन पुलावर तोंड फिरवलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आज तरी ऐका." ते काही ऐकेनात. मग तिने त्यांना कुरणाकडे चरायला सोडलं आणि पायीच पूल ओलांडला. माझे शिस्तीचे सैनिक रांगेने आले आणि रांगेने पडले. शेवटच्या दाराशी खलिता पोचला, तोफा थंडावल्या, वेढा उठला. नणंदेने वहिनीचे खांदे धरून गदागदा हलवले.

मग मी विचारतो तो प्रश्न विचारला. दुसरा मला येत नाही. सेव्ह करायचं का? या खणातलं आधीचं पुसलं जाईल.

"दाब," नणंद म्हणाली. मग तिनेही ते वाक्य पुन्हा वाचलं.

वहिनीचा अंगठा बटणावर होता. "केलं तर चौकीवरचा जाईल," ती म्हणाली.

"हो."

"ह्यांनीच त्याला तिथे थांबवलं होतं गं. स्वतःच्या हाताने."

"सासरेबुवा मात्र इथेच राहतील."

"त्यांना तसंही कुठे यायचं असतं?" वहिनी म्हणाली आणि तिने 'नाही' निवडलं.

पुढच्या रविवारी त्यांनी धाकट्याच्या पागेतून एक नवी घोडी घेतली. वहिनीने तिचं नाव ठेवलं 'वन्सं', कारण सगळ्या गोष्टींवर ती खिंकाळते. नणंद दोन दिवस रुसली, मग त्याच घोडीवर बसून गावभर फिरली. धाकट्याकडे सेव्ह करायला हवे तितके खण आहेत. वहिनी हल्ली दर वळणावर एक खण भरते, कुणी विचारलं तर म्हणते, असू दे.

मी पुन्हा फळीवर आहे, जबड्यांच्या शेजारी. धाकटा माझ्यापेक्षा सरस आहे, हे मला मान्य आहे. ज्या घरी माझ्यासारखा एखादा जुना असेल, तिथे त्याला टाकून देऊ नका, एवढंच सांगणं. अधूनमधून वहिनी मला यंत्रात घालते, चौकीवर जरा वेळ बघत बसते, आणि काही न दाबता बंद करते.

सासरेबुवांना दुसऱ्या भागात न्यायचं राहिलंय.