एकटीचं चित्र

थोरलीने एकदा मनात घेतलं की ते झाल्याशिवाय घरात कोणाची धडगत नसे. या वेळी तिने मनात घेतलं होतं ते आपल्या जुळ्या मुलींची रंगवलेली चित्रं करून घ्यायचं. चित्रं दोन, चौकटी दोन आणि भिंतीसुद्धा दोन. "दोघींना एकाच चित्रात बसवलं तर किती गोड दिसतील," असं सासूबाईंनी सुचवून पाहिलं. त्यावर थोरलीने इतक्या गोड आवाजात "नाही" म्हटलं की सासूबाईंनी पंख्यावरच्या धुळीचा विषय काढला.

तिच्या हट्टाला कारण होतं. थोरली स्वतः जुळ्यांतली. बहीण तिच्यामागून काही मिनिटांनी आली, तेवढ्यावर हिचं नाव थोरली पडलं आणि तिचं धाकटी. लहानपणीचा एकटीचा असा तिचा एकही फोटो नव्हता. शाळेच्या ओळखपत्राला लागला तेव्हा आईने जोडीच्या फोटोलाच मधोमध कात्री लावली. थोरलीच्या खांद्यावर धाकटीची अर्धी वेणी तशीच राहिली. शिवाय डावीकडची कोण आणि उजवीकडची कोण, यावरून त्या दिवशी घरात जो वाद झाला तो आजतागायत मिटलेला नाही. आपण वर्षभर बहिणीचंच तोंड गळ्यात अडकवून शाळेत गेलो असू, या विचाराने थोरलीला हसू येई आणि हसून झालं की वाईट वाटे.

तिच्या मुली आता तीन वर्षांच्या झाल्या होत्या. एक ठमी, एक चिऊ. नवऱ्याने एकदा खोकल्याचं औषध ठमीलाच दोनदा पाजलं होतं आणि चिऊ बिचारी खोकत राहिली होती. त्यावरून थोरली त्याला येता-जाता टोमणे मारी. पण तिची स्वतःची एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. मुली समोर असल्या की ती त्यांना अंधारातही ओळखे. फोटोत मात्र तिलाही कळत नसे. कपडे बघून ती अंदाज बांधी आणि ठणकावून सांगून मोकळी होई. आई असून आपल्याला आपली मुलगी ओळखता येत नाही, हे तिला आतल्या आत खात होतं. म्हणून तर ही चित्रं हवी होती. बघताक्षणी कळलं पाहिजे, ही ठमी आणि ही चिऊ.

चित्रकार बाई लहान मुलांना समोर बसवून रंगवत नसत. "तीन वर्षांचं मूल किती वेळ बसणार? मी डोळा रंगवेपर्यंत ते जिन्यात पोचलेलं असतं," असं त्या म्हणत. आधी एका सकाळी फोटो काढायचे आणि मग त्यांवरून निवांत रंगवायचं, ही त्यांची पद्धत. त्या सकाळची आखणी करायला थोरली त्यांच्या खोलीवर आली होती. बाईंनी मोठ्या खिडकीशी एक बुटकं स्टूल मांडलं, त्यावर उशी उभी केली आणि पलीकडच्या बाजूला पांढरी चादर टांगली.

"उजेड या बाजूने येणार, आणि चादरीवरून थोडा परत दुसऱ्या गालावर जाणार. फ्लॅश नाही. मी जमिनीवर पालथी पडून फोटो काढते. उभं राहून काढला की मूल म्हणजे नुसतं कपाळ दिसतं."

"कपडे? ठमीला लाल आणि चिऊला निळा आणते. म्हणजे गोंधळ नको."

"छे! लाल शर्टाचा रंग हनुवटीवर उतरतो. पोरगी भाजल्यासारखी दिसेल. दोघींना फिकट, बिननक्षीचं काहीतरी घाला."

"मग कोणती कोण ते कळायचं कसं?"

"अहो, तुम्ही आहात ना! आईपुढे आणखी कोणाला विचारायचं?"

"हो, ते काय," असं म्हणून थोरलीने घाईघाईने आपल्या अटी पुढे केल्या. एकीचे फोटो चालू असताना दुसरी खोलीत नको. आधी ठमीचे सगळे काढून घ्यायचे, मग चिऊचे. आणि नजर सरळ कॅमेऱ्यात हवी.

"पहिलं जमणं कठीण दिसतंय," बाई म्हणाल्या.

"जमवू," थोरली म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द निघाला की पुढे बोलणं खुंटे.

ठरलेल्या सकाळी झोप झालेल्या, पोट भरलेल्या, फिकट शर्टातल्या दोन मुली हजर झाल्या. ठमी स्टुलावर बसली. नवरा चिऊला घेऊन बाहेर गेला आणि दार लागलं. त्याबरोबर ठमीचं तोंड एवढंसं झालं. ती दाराकडे बघत राहिली. थोरलीने गाणं म्हटलं, मांजराचा आवाज काढला, शेवटी स्वतःच्या डोक्यावर टोपली घातली. ठमीने एकदा टोपलीकडे पाहिलं आणि परत दाराकडे. बाहेरून चिऊ दारावर लाथा मारत होती. मग अदलाबदल झाली. आता चिऊ स्टुलावर, ठमी बाहेर. तेच तोंड, तेच दार आणि त्याच लाथा.

"परत ठमीला आणा," थोरली म्हणाली. तिला घाम फुटला होता, पण हार मानायला ती तयार नव्हती.

बाई जमिनीवरून उठून बसल्या. कोपर चोळत त्यांनी कॅमेऱ्यावरचे दोन फोटो तिच्यापुढे धरले. "बघा तुम्हीच. दोघी घाबरल्यात, आणि घाबरलेल्या अगदी एकसारख्या दिसतायत. यातून मी दोन मुली काढू कुठून?"

थोरलीने फोटो पाहिले. कोणता कोणाचा ते तिला सांगता आलं नाही. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात बाहेरून आणखी एक लाथ बसली आणि ती तरातरा जाऊन दार सताड उघडून आली. आत घुसलेल्या मुलीला तिने बखोटीला धरलं आणि थेट कॅमेऱ्याला खेटून उभं केलं.

"इथून बघायचं. चित्रात जायचं नाही. कळलं?"

समोरासमोर आल्या मात्र, दोघींचा नूरच पालटला. कॅमेऱ्याशेजारची जीभ बाहेर काढी, स्टुलावरची बघे. मग स्टुलावरची उतरून पळे आणि दुसरी चढून बसे. ठमीचे आधी आणि चिऊचे नंतर ही सगळी आखणी धुळीला मिळाली. "आता कोण बसलंय?" नवरा दोनदा ओरडला, पण त्याला उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. बाई लोळत लोळत फोटो काढत होत्या.

दमलेल्या मुली चादरीखाली घर-घर खेळायला गेल्या, तेव्हा बाईंनी फोटो संगणकावर लावले. "सांगा आता. ही कोण?"

थोरली पडद्याजवळ सरकली. तेच शर्ट, तेच स्टूल, तोच उजेड. फोटोतली मुलगी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, बहिणीकडे बघत होती. एक भुवई वर चढवून, तपासून घेत होती हसायचं की नाही ते.

"ठमी," ती म्हणाली.

पुढच्या फोटोतल्या मुलीने ओठ दाताखाली धरला होता आणि खांदे कानापर्यंत उचलले होते. समोरच्या बहिणीने अजून काही केलंही नसेल, पण हिला हसू आवरत नव्हतं.

"चिऊ. ही पण चिऊ. ही ठमी. ठमी. चिऊ."

ती एकदाही अडली नाही. "नक्की?" नवऱ्याने विचारलं, तशी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "डोळे फुटलेत का तुझे? दिसतंय की सरळ."

"नजर कॅमेऱ्यात नाही हं आली," बाई म्हणाल्या. "तुमची अट राहिली."

"राहू दे."

बाई कॅमेरा पिशवीत ठेवायला लागल्या. थोरली स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली.

"बाई, मोठ्या माणसांचं काढता का? मला माझं हवंय. एकटीचं."

"काढते की. उजेड आहे अजून. बसा."

"आज नको," थोरली म्हणाली, आणि तिने फोन काढून धाकटीला लावला. "ऐक, रविवारी मोकळी आहेस का? माझे फोटो काढायचेत... नाही गं, आपले नाही, माझे. तू फक्त माझ्यासमोर उभी राहायचंस."