तिसऱ्या नकोनंतर

माणसाच्या देहाचं कोणतंही रहस्य आधुनिक वैद्यकशास्त्रापासून लपून राहत नाही. निवृत्तीच्या देहाचं राहिलं, कारण त्याचं वजन कोणी केलंच नव्हतं.

बीबी गावचा निवृत्ती पायाच्या जखमेसाठी बुलढाण्याच्या दवाखान्यात पडून होता. रक्त तपासलं, लघवी तपासली, औषधं बदलली. जखम भरेना. पाय ठेवायचा की काढायचा, हे मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यावर टाकलं.

मग आहारतज्ज्ञ अपेक्षा आली. तिने त्याला धरून काट्यावर उभं केलं.

"बाबा, वजन किती उतरलं अलीकडे?"

"मले काय मालूम? मी काय कापूस हाय, मोजाले?"

तिने दंडाला टेप गुंडाळला, कानशिलांचे खड्डे पाहिले, आपला हात त्याला जोर लावून दाबायला सांगितला. पायजम्याची नाडी कमरेला दोन वेढे घेत होती.

"कुपोषण. म्हणून जखम भरत नाही," ती डॉक्टरांना म्हणाली.

"ते लहान पोरांना असतं," डॉक्टर म्हणाले.

ती परत खाटेपाशी आली. "बाबा, पोळी येते ना रोज?"

"येते. वाढणारी मावशी इचारते, पाहिजे का. मी नको म्हणतो."

"का?"

"पहिल्यांदा नको म्हणाच लागते, पोरी. एकदम हो म्हटलं तर माणूस हावरा दिसते."

मावशी तोवर पुढच्या खाटेवर गेलेली असायची. वाटीभर वरण तेवढं न विचारता मिळायचं. त्यावर गडी तगून होता.

घरी गोजरबाई तिसऱ्या 'नको'नंतर त्याचा ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारायची आणि भाकर टाकायची. "नखरे पुरे," म्हणायची. ती गेली त्याला दिवाळीत वर्ष झालं. सून भली आहे. एकदाच विचारते आणि सासऱ्याच्या शब्दाचा मान ठेवते. निवृत्ती मात्र अजून ताटावर हात आडवा धरूनच बसतो.

अपेक्षाने शेजारच्या खाटेवरच्या बद्रुद्दीनला काम नेमून दिलं. दुसरबीड गावचा माणूस, आग्रहाला पक्का.

संध्याकाळी मावशी आली. "पोळी?"

"नको."

मावशी पुढे गेली.

"घे ना बे," बद्रुद्दीन म्हणाला.

"बस झालं मले."

"अबे घे. पाय काय कुत्र्याले टाकतो?"

"खरंच नको."

बद्रुद्दीन खाटेवरून वाकला आणि त्याचा आडवा हात धरून बाजूला सारला. "नखरे पुरे कर आता."

निवृत्ती त्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने नाक पुसलं आणि वॉर्डाच्या टोकाला गेलेल्या मावशीला हाक मारली.

"टाक वं माय एक."

मावशी परत आली. तिने डबा वाकडा करून दाखवला. पोळ्या संपल्या होत्या.