पाण्याखालचं पात्र

सुकाणूचा बोल्ट तुटला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. माझ्या हेमचंद्रदादाने फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बांधलेली ही शिडाची होडी. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयात काठाकाठाने जाण्याचा आमचा तिसरा दिवस होता. त्या गावी थांबायचं ठरलेलं नव्हतं. वल्हं मारत आम्ही कसेबसे मासेमारांच्या धक्क्याला लागलो.

मोहन नावाच्या मासेमाराने जुन्या पंपाचा बोल्ट शोधून आणला. दादा तो बसवत असताना मी वही उघडली. मी तीस वर्षं भूजल खात्यात होते. धरणापूर्वीचा नकाशा माझ्याकडे आहे. होडीत खोली मोजायचं यंत्र आहे. नर्मदेचं जुनं पात्र या पाण्याखालून नेमकं कुठून जातं, ते मी वाटेत उतरवून घेत होते.

साडेआठला पिंपळाखालून ओरडा आला. परिक्रमेला निघालेलं एक जोडपं रात्री तिथे मुक्कामाला होतं. वर्ध्याकडचे विठोबा आणि राधाबाई. सरपण उचलताना राधाबाईंच्या घोट्याला साप चावला होता. मोहनने साप पाहिला होता: घोणस. दोन खुणांमधून रक्त येत होतं. मी घड्याळ लावून पाहिलं. वीस मिनिटांनीही ते गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं.

समोरच्या तीरावरच्या दवाखान्यात मी फोन लावला. श्रद्धा नावाच्या नर्सने उचलला. "औषध आहे. पण लवकर आणा."

"सडक से पैंसठ किलोमीटर पड़ेगा, दीदी," मोहन म्हणाला. "जीप भी गाँव में नहीं है, बुलानी पड़ेगी।"

सुकाणू बसलं होतं, वारा आमच्या पाठीशी होता. होडीने पस्तीस मिनिटं.

विठोबांनी बायकोला धरून धक्क्यापर्यंत आणलं. तिथे त्या थांबल्या. "हे तर पल्याड नेऊन राहिले."

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. ओलांडली की सगळं चालणं खंडित. त्या चार महिने चालत होत्या, गळ्यात नर्मदामैय्याच्या पाण्याची बाटली.

"राधे, चाल न," विठोबा म्हणाले. "मैय्या माफ करते."

"प्रणालीसाठी नवस बोलली मी. पोरगी मरता मरता वाचली. आता मोडू काय?"

"उचला त्यांना," दादा म्हणाला.

"हातात पाणी घेऊन बोलली आहे, साहेब. कसा उचलू?"

दादा धक्क्यावर उतरला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काहून घाबरता, माई? ही मैय्या थोडीच आहे! नाला आहे हा, धरणाचं पाणी भरलं म्हणून एवढा दिसून राहिला. मैय्या त्या टेकडीच्या मागून जाते. नाला ओलांडलेला चालतो ना?"

"नाला चालते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग चलो!"

त्या होडीत बसल्या. दादाने दोर सोडला. हिरड्यांतून आलेलं रक्त पदराने टिपत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवरची वही त्यांना दिसली असावी.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. हा नालाच आहे न?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट कळलं होतं. मी आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिलेला नाही. मला वाटलं, ज्याचा जीव आहे त्याला खरं कळलं पाहिजे. खरं कळल्यावरही त्या येतील, असंही वाटलं.

"जुनं पात्र मधे लागतं," मी म्हणाले. "पण ते खूप खोल आहे, आपण वरून..."

त्या उठल्या. धक्क्यालगतच असलेली होडी एका बाजूला कलली. विठोबांनी त्यांना धरून धक्क्यावर घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता विचारलं, "काहून सांगितलं, ताई?"

आम्ही तासभर विनवलं. त्या पिंपळाला टेकून बाटली धरून बसल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. सव्वादहाला मोहनने बोलावलेली जीप आली. दोघं गेली, सोबत मोहनही गेला.

बारा वाजून दहा मिनिटांनी मोहनचा फोन आला. "नहीं रहीं, दीदी। रस्ते में ही। बाबा कहते हैं, क्रियाकर्म इसी किनारे करेंगे।"

आमची गाडी समोरच्या तीरावर होती. दुपारी दोनला आम्ही शीड उभारलं. वारा तसाच होता. मी यंत्रासमोर बसले, कारण होडीत माझी जागा तीच. बारा मीटर. चौदा. मग तळ एकदम खाली गेला: बावीस, सत्तावीस, एकतीस.

"आलं का तुझं पात्र?" दादाने सुकाणूवरून विचारलं. सकाळपासूनचं त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"माहीत नाही," मी म्हणाले.

चार मिनिटांनी आकडा पुन्हा चौदावर आला.