डोळे झाकलेली बस

बस थांबली आणि कारखान्याच्या पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत चालक नाही, वाहक नाही; तरी वाटेत उभा केलेला गवताचा पुतळा येताच विजेवरची ती पांढरीशुभ्र बस त्याच्या नाकासमोर गप्प उभी! एका बाईंनी तर हातच जोडले.

"ही बस नव्हे, आई आहे आई!" सर माइकवरून गर्जत होते. "धूर नाही, धडक नाही! आईला लेकरू दिसावं लागत नाही, कळतं!"

"हॉर्न कुठाय हो आईचा?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शंकाबाई हसली नाही. हे नाव सरांनीच ठेवलेलं. कॉलेजात ती ऊठसूट "कशावरून?" विचारायची, म्हणून. तिचं बोट धरून संशोधनात आणलं तेही सरांनीच. बसच्या कपाळावरचा कॅमेरा हा बसचा एकुलता एक डोळा, आणि तो शंकाबाईने घडवलेला. समोर ऊन आलं की तो दिपायचा. "दुरुस्त केलाय मी," सर काल म्हणाले, आणि तिने मान डोलावली. आत्ता ऊन थेट कॅमेऱ्यावर होतं. तरी बस एकदाही चुकत नव्हती.

"आता जिवंत माणूस!" सरांनी पुकारलं. "शंकाबाईंचे वडील! त्यांना दिसत नाही, पण बसला दिसतं!"

अप्पा काठी टेकत उठले. "लेकीनं घडवलेला डोळा. मला कसली भीती?"

"अप्पा, थांबा जरा." अंगातला कोट काढून तिने कॅमेऱ्यावर घट्ट बांधला. "सर, आधी पुतळ्यावर अशी चालवा."

सरांचा चेहरा पडला. गर्दीला मात्र चेव आला. "चालवा, चालवा!"

बस निघाली आणि पुतळ्यासमोर थांबली.

"डोळे झाकून दिसतं!" टाळ्या दुप्पट झाल्या.

शंकाबाईचे डोळे भरून आले. बसला दिसत नव्हतं, मग कुणाला दिसत होतं? तिने चहूकडे नजर फिरवली. गोदामाच्या खिडकीत सरांचा मदतनीस बसला होता. नजर बसवर, हात खिडकीखाली लपवलेले.

"दोघं जण या. स्वागताचा फलक त्या खिडकीला लावून धरा. हं, सोडा बस!" ती म्हणाली.

धप्प! पुतळा चाकाखाली गेला, गवत भुर्रकन उडालं. आवाज ऐकून मदतनीस धावत बाहेर आला. हातात रिमोट तसाच.

सगळे सरांकडे वळले.

"अगं, जमणारच होतं," सर पुटपुटले. "थोडा वेळ हवा होता. आणि खिडकीत माणूस होता ना, अप्पांना काही होऊ दिलं असतं का मी?"

"आज होता, सर. उद्या भर रस्त्यात कुठल्या खिडकीत बसवणार होतात?"

ती गर्दीकडे वळली. "धुराविना धावणारी, माणूस ओळखणारी बस होईल. चुकत, तपासत, पुन्हा चुकत होईल. पण कुणी चमत्कार म्हणून दाखवली, तर टाळ्या राखून ठेवा. आधी तिचे डोळे झाका."

अप्पा अजून काठीवर रेलून उभे होते. "तू तर म्हणालीस, तपासून झालंय सगळं."

"सर म्हणाले होते, अप्पा."

"आणि तू?"

"सरच म्हणतायत म्हटल्यावर मी विचारलं नाही."

अप्पांनी चाचपडत तिचा दंड धरला.

"आपल्या माणसालाच आधी विचारायचं असतं, बाळ," ते म्हणाले. "परक्याच्या हाती आपण असा जीव कुठे देतो?"