मोठा कॅम
लेथवरच्या टर्नरनं सकाळीच ताईला बजावलं होतं, "पिस्टन हातात दे, मगच त्याच्या मापानं सिलिंडर कापतो. नंतर मन बदललं तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

ताईचं मन मात्र एका जागी बसत नव्हतं. टेबलावर दोन पिस्टन होते, एक सपाट माथ्याचा, दुसरा घुमटासारखा, जास्त जोर देणारा. शेजारी दोन कॅम, इंजिनाच्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडायचा, म्हणजे वरच्या वेगात गाडी नुसती उधळणार; लहान कॅमला तो वेग नाही, पण वळणातून निघताना दम असायचा. शर्यत बारा दिवसांवर आली होती आणि धाकटीनं एका दमात सांगून टाकलं होतं, "घुमटवाला पिस्टन, मोठा कॅम. बाकी तू आणि तुझे पाने."

धाकटी, तिची पाठची बहीण, गेल्या वर्षी मोटारसायकलच्या शर्यतीत वळणावर पडली होती. खांदा मोडून तीन महिने घरात. तिची वेणी घालता घालता ताईनं रोज एकच विचार केला होता, इंजिन आपणच बांधलं होतं.

ती उठली, बसली, चहा गार केला. शेवटी घुमटवाला पिस्टन टर्नरकडे दिला, पण मोठा कॅम कपाटात ठेवून लहानच बसवला. धाकटीनं मोठ्या कॅमचं विचारल्यावर "हो, बसवला" म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

चौथ्या दिवशी धाकटीनं गाडी सुरू केली. मान तिरकी करून ऐकलं आणि बंद केली.

"मोठा कॅम उभ्या गाडीत अडखळतो गं. ही तर शिवणयंत्रासारखी चालतेय. ताई, कुणाला बनवतेस?"

ताई पाना पुसत राहिली.

"मी पडले ते ब्रेक उशिरा दाबला म्हणून. तुझ्या इंजिनानं नाही पाडलं मला."

"वेणी तू नव्हतीस घालत!" ताई एकदम ओरडली. मग हळू म्हणाली, "भीती वाटते मला."

"मग तसं सांगायचंस. भांडलो असतो. खोटं कशाला?"

ताईनं पाना खाली ठेवला. तिनं कपाट उघडलं.

मोठा कॅम घातला. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते ते बघायला पिस्टनच्या माथ्यावर खेळण्यातली मऊ माती थापून दोघींनी इंजिन हातानं फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हनं माती दाबून कागदाएवढी पातळ केली होती. असंच चालवलं असतं तर पहिल्याच फेरीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा झाला असता.

"सपाट पिस्टन घालू या?" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"थांब," म्हणत ताईनं पिस्टनच्या माथ्याची जाडी मोजली. पुन्हा मोजली. मग तो फडक्यात गुंडाळून ती टर्नरकडे धावली. "माथ्यावरच्या व्हॉल्व्हसाठीच्या खाचा खोल करून द्या. जाडी पुरते, मी बघितलंय."

"तुम्हा बहिणींच्या पायी माझी लेथ वेडी होईल," टर्नर करवादला, पण कापून दिलं. दुसऱ्यांदा माती लावली तेव्हा ती जाड राहिली.

शर्यतीच्या दिवशी ताई कुंपणापाशी उभी होती. उभी कसली, येरझाऱ्या घालत होती. प्रत्येक फेरीत गाड्या गेल्या वर्षीच्या त्या वळणाआड गेल्या की ती थबकून कान द्यायची. सातव्या फेरीत आपल्या इंजिनाचा आवाज यायला उशीर झाला. तिनं कुंपणाची तार मुठीत आवळली. मग तो आला, फाटका, संतापलेला, आणि मागोमाग धाकटी.

ती तिसरी आली. हेल्मेट काढून धापा टाकत म्हणाली, "सरळ रस्त्यावर कुणी धरू शकत नाही. पण वळणातून निघताना दम कमी पडतो."

'लहान कॅमला पडला नसता' हे ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं, "खांदा?"

"दुखतोय," धाकटी म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं ते कबूल केलं.

"सरक," ताई म्हणाली आणि हँडल स्वतःच्या हातात घेऊन गाडी ढकलायला लागली.