सात दिवसांतला एक तास

मी एक जुना टॅब आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सर्वेक्षण संस्थेच्या कपाटात, गुंडाळून ठेवलेल्या बॅनरांखाली माझा मुक्काम आहे. काचेला तडा गेला आहे आणि चार्जिंग केलं तरी तासाभरात मी मान टाकतो.

मित्रांनो, मला खोक्यातून प्रथम बाहेर काढलं ते घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्या संध्याताईंनी. मला पिशवीत घालून त्या खुलताबादचा चढ चढल्या, सिल्लोडच्या बाजारात फिरल्या. धूळ बसली की ओढणीने माझी काच पुसायच्या. "हा टॅब कधी दगा देत नाही," असं कार्यालयाचे प्रमुख राजकुमार साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा मी फुलून गेलो होतो.

माझ्या पोटात प्रश्न भरलेले होते. गावात बेकार बायका किती, ते मोजायचं. जिथे त्यांचं प्रमाण जास्त, तिथे संस्था प्रशिक्षण केंद्र काढून नोकऱ्या मिळवून देणार होती. पण एक नियम होता. गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल, अगदी घरच्या जनावरांमागे, बिनपगारी, तरी ती बाई 'कामावर' धरायची.

शेंद्र्याजवळच्या एका वस्तीत दीपमाला भेटली. पोर कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली.

"बेकार लिहा, ताई. आयटीआय झालंय माझं, इलेक्ट्रिशियन. कंपनीत तीन वर्षं पॅनेल जोडले. बाळंतपणाला घरी आले, परत गेले तर गेटवरच म्हणले, जागा भरली. अजून दर सोमवारी जाऊन विचारते."

"या आठवड्यात दुसरं काही काम केलं?" ताईंनी विचारलं.

दीपमालाने तोंड उघडायच्या आत बाजेवरून तिचे सासरे, कडुबा, बोलले. "दोन म्हशींचं कोण बघतंय मंग? दूध डेअरीला जातंय आपलं. लई काम करती ती. बेकार लिहून आमची बेअब्रू करता व्हय?"

"दुधाच्या पैशातलं तुला काही मिळतं का?"

"नाय," दीपमाला हळूच म्हणाली.

ताईंनी ओढणीने माझी काच पुसली. मग त्यांनी 'काम केलं नाही' असं भरलं. नियम मोडून त्यांनी भरलेलं ते एकच उत्तर असेल.

आठवड्याभराने कार्यालयातून पडताळणीचा फोन गेला. तो कडुबांनीच उचलला आणि म्हशींचं काम पुन्हा सांगितलं. साहेबांनी मला हातात घेऊन उत्तर बदललं.

"सर, ती काम शोधते आहे," ताई म्हणाल्या.

"शोधू द्या. एक तास भरला ना?"

आणि मी, मित्रांनो, ते निमूटपणे साठवून घेतलं.

त्या वस्तीत शंभरातल्या जेमतेम तीन बायका बेकार निघाल्या. कार्यालयाच्या बैठकीत पडद्यावर तो आकडा आला, तेव्हा बेकारी इतकी कमी म्हणून टाळ्या वाजल्या. केंद्र दुसऱ्या गावाला गेलं.

दीपमाला पोराला घेऊन कार्यालयात आली. "आमच्याकडं केंद्र का नाय?" तिने विचारलं. ताईंनी मला तिच्यापुढे धरलं. तिने स्वतःचं नाव वाचलं, पुढचा शब्दही वाचला.

"कामावर?" ती साहेबांकडे वळली. "मंग माझी हजेरी कोण घेतंय, साहेब? सुट्टी कोणत्या दिवशी?"

साहेब फाइल चाळत राहिले. ती गेल्यावर ताईंनी मला टेबलावर असं आदळलं, की माझी काच तडकली. मला त्याचा राग आला नाही. पुढच्या महिन्यात ताईंचा करार संपला आणि तो कुणी वाढवला नाही.

दुसऱ्या फेरीला दुसऱ्याच बाई मला घेऊन तिथे गेल्या. म्हशी चार झाल्या होत्या. दीपमालाचं सोमवारी गेटवर जाणं सुटलं होतं. तिला कुणी बाहेर बोलावलंही नाही. कडुबांनी सगळी उत्तरं दिली आणि मी ती घेतली. मग नवे टॅब आले आणि मी कपाटात आलो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या काचा जपून वापरा, असं सांगायला मी बोललो नाही. काच बदलता येते. उद्या तुमच्या दारात कुणी वही किंवा टॅब घेऊन येईल आणि विचारेल, "आई काय करते?" तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. बाबांनाही देऊ देऊ नका. आत जा आणि आईला बोलावून आणा.