हवालदाराची सुट्टी

पिक्चरमध्ये मेजर सीमेवर आणि बायको इकडे त्याच्याच दोस्ताबरोबर बागेत गाणी म्हणतेय, हे बघून फौजेतला हवालदार ज्ञानदीप ढसाढसा रडला. भर मॅटिनीला, हातात समोसा धरून! शेजारी बसलेल्या दुर्गाला, त्याच्या बायकोला, इतकी किळस आली की शेवटचा अर्धा तास तिनं भिंतीवरचा पंखा बघत काढला. शेवटी पडद्यावरची बायको मेजरच्या पाया पडली, मेजरनं तिला माफ केलं आणि तो लढाईला निघून गेला. थेटरात शिट्ट्या वाजल्या. सगळ्यात मोठी ज्ञानदीपची.

घरी पोचेपर्यंत रडू जिरलं आणि मेजर अंगात शिरला. दुर्गाचे सासरे आनंदराव चहा घेत होते. त्यांच्यासमोरच त्यानं फर्मान काढलं, की दुर्गानं उद्यापासून कृष्णपुऱ्याकडच्या रेडिमेडच्या कारखान्यात शिलाईला जायचं नाही. फौजी सीमेवर असला की बायका काय करतात ते आज डोळ्यांनी बघितलं म्हणे. मिल बंद पडून तीन वर्षं झाली, आनंदराव तेव्हापासून घरी, आणि हवालदारसाहेबांची मनिऑर्डर मनात येईल तेव्हा येणार. चूल पेटत होती ती दुर्गाच्या शिलाईवर. तीच नोकरी सोड म्हणतोय! तिच्या डोक्यात सणक गेली.

आता या घरची रीत अशी, की फौजी घरी आला की सुट्टीचा कागद हरवू नये म्हणून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवायचा. ज्ञानदीपचे आजोबा महूच्या छावणीत होते, त्यांनी पाडलेली रीत. या अकलेच्या कांद्यानंही तो मुकाट्यानं खोचला होता. बायको आठवी शिकलीय आणि दर रविवारी तसबीर पुसते, एवढंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुर्गानं कागद काढून आनंदरावांच्या हातात दिला. सुट्टी तीन तारखेला सुरू झालेली, आणि हवालदारसाहेब घरी उगवले चोवीसला. छुट्टी लेट सँक्शन झाली, असं सांगत. आनंदरावांनी कागद दोनदा वाचला आणि एकवीस दिवस होतास कुठे, एवढंच विचारलं. ज्ञानदीपनं आधी ट्रेनवर ढकललं, मग साहेबावर, आणि शेवटी जबलपूरची एक बाई बाहेर आलीच. दोन वर्षांपासून चाललेलं.

मग तो चक्क दुर्गासमोर गुडघ्यांवर बसला.

"माफ कर. अगं, इतका मोठा मेजर माफ करतो, तू पण मन मोठं कर ना."

दुर्गाला हसूच फुटलं. दोन वर्षं हा माणूस सुखरूप राहावा म्हणून आपण जीव टांगणीला लावून बसलो, याची तिला लाज वाटली. रडावं एवढीही त्याची लायकी नव्हती.

"महिनाभर सुट्टी उरलीय तुमची," ती म्हणाली. "तीही तिकडेच काढा. मला सकाळी आठला कामावर जायचंय."

ज्ञानदीपनं बापाकडे पाहिलं. आजवर बापानं सुनेची बाजू एकदाही घेतली नव्हती. आनंदराव उठले, खाटेखालची त्याची काळी ट्रंक ओढत दारापर्यंत नेली आणि सुनेकडे वळले.

"उद्या डबा मी भरतो," ते म्हणाले.